अकोल्यातला पहिला उन्हाळा आणि दीड वर्षाची लेक: मे महिना कसा काढायचा?

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार-पाच प्रश्न आहेत. बदलीमुळे पुण्याहून अकोल्याला आलात, लेक दीड वर्षाची. दुपारभर घरात कोंडून ती रडते, जेवण टाकलंय, अंगावर घामोळ्या उठल्यात. कूलर की एसी यावरून सासूबाईंशी खटके उडतात. आणि शेवटी, मे महिनाभर माहेरी निघून जाऊ का?

मी इथलाच. शाळेत शिकवतो, त्यामुळे मे महिन्यात बायको बँकेत आणि मी घरी. आमचा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि त्याच्या दुपारी माझ्या वाट्याला येतात.

पहिली गोष्ट, पुण्याचं घड्याळ सोडा. इथे मे महिन्यात दिवस पहाटे आणि रात्री जगायचा असतो, मधला वेळ नुसता काढायचा असतो. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. लेक साडेपाचला उठून बसली तर तिला थोपटून परत झोपवू नका, तीच खरी खेळायची वेळ. गच्ची, गल्ली, कुत्री, दूधवाला, काय दाखवायचं ते आठच्या आत दाखवून घ्या. पोटभर जेवणही नऊ-साडेनऊला उरकायचं, कारण अकरानंतर घशाखाली काही उतरत नाही, मोठ्यांच्याही नाही. दहाला खिडक्यांचे पडदे ओढा. मग संध्याकाळी साडेसहापर्यंत बाहेरचं नाव नाही. त्यातही बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीला आधी स्वतःचा हात लावून बघा, ऊन उतरल्यावरही ती चटका देते. दुचाकीवर पुढे उभं करून तर दुपारी अजिबात नेऊ नका. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला दुपट्टा असतो, झळा सगळ्या पुढच्या लेकरावर येतात.

रात्री ती दहा-साडेदहापर्यंत जागली तर जागू द्या. लहान मुलांनी आठला झोपावं हा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्या घरावर अकोल्याचा स्लॅब नव्हता. सिमेंट दिवसभर तापतं आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा चुना मारून घ्या, हिरवी नेट बांधा, आणि दिवस मावळला की आंघोळीचं, कपडे खंगाळल्याचं साठवलेलं पाणी गच्चीवर मारा. नळाचं चांगलं पाणी मारू नका. इथे नळ रोज येत नाही हे एव्हाना कळलंच असेल.

पाण्यावरून आठवलं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी पोळतं. शी धुवायला नळ सोडून लेकराला सरळ खाली धरायची पुण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. सकाळीच दोन बादल्या भरून मोरीत सावलीला ठेवायच्या आणि दिवसभर त्याच वापरायच्या. मोरीचं दार मात्र लावलेलं असू द्या. या वयाचं मूल बादलीत वाकलं आणि डोक्यावर गेलं तर त्याला परत वर येता येत नाही.

आता कूलर. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून कूलर इथे खरंच काम करतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं, एवढाच त्याचा खेळ. पण नव्याने आलेले बहुतेक लोक एसीच्या सवयीने दारं-खिडक्या घट्ट लावतात आणि मग खोलीत नुसता दमटपणा साचतो. कूलर बाहेरची हवा ओढेल असा खिडकीत हवा आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी हवी. ताट्या, म्हणजे पाणी झिरपतं त्या बाजूच्या जाळ्या, दरवर्षी बदलाव्यात, शक्य झालं तर वाळ्याच्या घ्या. झोत थेट लेकीच्या तोंडावर नको. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, कारण डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे शॉक. कूलरचा शॉक लागून माणसं, त्यातही लहान मुलं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि उघड्या पायांचं पोर एकत्र आलं की काय होईल ते सांगायला नको. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, प्लग तीन पिनांचाच हवा, पाणी भरताना बटण बंद करून पिनही काढायची. नवा घेणार असाल तर फायबरच्या बॉडीचा घ्या. आणि तरीही समोर खुर्च्या आडव्या लावा. आमच्या साहेबांना कूलरच्या जाळीत चमचे घालायचा छंद आहे.

एसीबद्दल सासूबाईंशी भांडू नका, त्यांचं निम्मं बरोबर आहे. गारढोण खोलीतून लेकराला उचलून एकदम उन्हात न्यायचं नाही, हे खरंच. पण दुपारच्या झोपेपुरता सव्वीस-सत्तावीसवर एसी लावल्याने मूल आजारी पडत नाही. उलट ती झोप झाली नाही तर संध्याकाळी अख्खं घर आजारी पडतं. सासूबाई खिशात कांदा ठेवायला सांगतील, तर ठेवा. कांद्याने ऊन अडत नाही, पण नुकसानही नाही. फक्त तो लेकीच्या खिशात नको, आईच्या पर्समध्ये ठेवा, नाहीतर ती तो चावेल आणि पुढचा तास डोळे धुण्यात जाईल.

जेवणाचं माझं मत स्पष्ट आहे: मे महिन्यात घासांचा हिशोब करायचा नाही, लघवीचा करायचा. उन्हाळ्यात भूक मरतेच. मूल खेळतंय, तीन-चार तासांनी लघवी होतेय, रंग फिकट आहे, तर दोन आठवडे कमी जेवलं म्हणून काही बिघडत नाही. लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली की पाणी कमी पडतंय. एका बैठकीत पेलाभर पाणी ती पिणार नाही. पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, तुम्ही पिताना तुमच्याच पेल्यातून. माठातलं पाणी पुरेसं गार असतं. ताक-भात, पातळ वरण, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, किसलेली काकडी, बिया काढलेलं टरबूज, कैरी उकडून केलेलं कमी गोड पन्हं यावर आमचा मुलगा महिना काढतो. आंबा द्या, पण आधी पाण्यात भिजवा आणि देठाकडचा चीक धुऊन काढा. ओठाभोवती पुरळ येतं ते बहुतेक त्या चिकाने, ‘आंबा उष्ण पडला’ म्हणून नाही. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. जेवत नाही म्हणून दूध, आणि दूध प्यायली म्हणून जेवत नाही, हे चक्र फार घरांत बघतो. हातगाडीवरचा बर्फगोळा या वयात नकोच, तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो कोण जाणे.

घामोळ्यांना फार काही लागत नाही. घामाच्या नळ्या बंद होतात म्हणून त्या येतात, तेव्हा त्यांवर तेल किंवा पावडरचे थर चढवून त्या आणखी बंद करू नका. पावडर लेकराच्या श्वासातही जाते. मलमलचं झबलं, दिवसातून दोनदा साध्या पाण्याची आंघोळ, मानेच्या वळ्या टिपून कोरड्या करायच्या. आणि घरात डायपर काढून टाका. फरशी पुसावी लागेल, पण त्वचा मोकळी राहते आणि लघवी किती, कशी झाली हेही डोळ्यांना दिसतं.

दुपारी रडण्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: परात. मोठ्या परातीत दोन बोटं पाणी, त्यात बटाटे, वाट्या, जुना टूथब्रश. बटाटे धुण्याचं काम दिलं की तासभर कोणी बोलत नाही. तुम्ही शेजारी बसून राहायचं, फोन वाजला तरी उठायचं नाही. कधी अर्धा तास कार्टून लागलं तर स्वतःला दोष देऊ नका. दारापलीकडे ४५ अंश असताना आदर्श पालक होण्याची सक्ती नसते.

ही लक्षणं मात्र लक्षात ठेवा. सहा तासांहून जास्त लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडून आहे, काही पीत नाही, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. अंग भाजतंय आणि सोबत उलट्या, झटके किंवा हाक मारल्यावर ओ नाही, तर तो उष्माघात समजा. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे काढून, अंग पाण्याने ओलं करून पंख्याखाली ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाचं औषध देऊन वाट बघत बसू नका, उन्हाने चढलेल्या तापावर ते काम करत नाही. जुलाब-उलट्यांसाठी घरात ओआरएसची पाकिटं ठेवा. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या, १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदाच मिसळा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. गोड ‘एनर्जी’ पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

राहिला माहेरचा प्रश्न. महिनाभर जायची गरज नाही, पण जमत असेल तर २५ मेपासूनचा नवतपा तिकडे काढा. त्या नऊ दिवसांत आम्ही इथलेही वैतागलेले असतो. गाडी रात्रीची घ्या आणि डबा एसीचा. दिवसा स्लीपरच्या खिडकीतून भुसावळपर्यंत ज्या झळा येतात त्या लेकराला सोसवत नाहीत. जूनमध्ये परताल तेव्हा ढग आलेले असतील, हवा चिकट असेल आणि कूलर लावूनही अंग चिकचिकेल. तेव्हा त्यात पाणी भरणं थांबवा, नुसता पंखा चालू ठेवा. आणि लेकीला शाळा लागेल तेव्हासाठी सांगून ठेवतो, विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. तिकिटं त्या हिशोबाने काढा.