हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा सलाईन की सहा महिन्यांचं इंजेक्शन?

पोट आणि मूत्रपिंड ठीक असतील तर सुरुवात सहसा गोळीनेच होते: अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. बिघडतं ते घेण्याच्या पद्धतीत. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर गिळायची. चहा-दुधाबरोबर घेतली तर अंगी लागतच नाही. नंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत रेंगाळून तिथे जखम करते. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी दुपारनंतर.

अ‍ॅसिडिटीचा जुना त्रास असेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने भागतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतात याचं माप) ३५ च्या खाली असेल तर मात्र हे देत नाहीत.

डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. औषध चांगलं, पण मध्येच सोडण्यासारखं नाही. डोस लांबला की हाडांची झीज उसळते, एकाच वेळी अनेक मणके पिचू शकतात. थांबवायचंच असेल तर पाठोपाठ दुसरं औषध ठरलेलं हवं. तारीख पाळणं जमणार नसेल तर या वाटेला जाऊच नका.

जबड्याचं हाड कुजण्याची भीती सगळ्यांनाच असते; ते क्वचितच होतं. दात काढायचा असेल तर आधी उरकून घ्या, ड जीवनसत्त्वाची कमतरताही आधी भरून काढा. उपचार चालू असताना मांडीत किंवा जांघेत बोथट दुखू लागलं तर एक्स-रे काढा, अंगावर काढू नका.