एफ २.८ ची लेन्स घेतली तर रात्रीच्या कबड्डीत फोकस लवकर लागेल का?

तुमच्याकडे डीएसएलआर आणि ७०-३०० एफ ४-५.६ झूम आहे, आणि रात्रीच्या सामन्यात चढाईपटू धूसर, मागची गर्दी मात्र स्वच्छ येते, असं तुम्ही लिहिलंय. नाशकात मंडळांचे सामने टिपताना अशाच झूमवर मी दोन हंगाम काढलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फायदा होईल. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते; अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणतात. पण ‘फास्ट लेन्स’मधला फास्ट हा शब्द फोकसच्या वेगाबद्दल नाही. उजेड जास्त येतो, म्हणून शटर वेगात ठेवता येतं, एवढाच त्याचा अर्थ. आतल्या काचा किती झपाट्यानं सरकतील ते मोटर ठरवते, आणि काचांचं वजन. कॅननची ८५ एमएम एफ १.२ उजेडाला केवढी मोठी, पण काच जड, त्यामुळे तिचा फोकस सावकाशच सरकतो.

एफ २.८ चा खरा उपयोग वेगळा आहे. शटर पडेपर्यंत डीएसएलआर लेन्स पूर्ण उघडी ठेवतो. तुम्ही एफ ८ लावलं असलं तरी फोकस घेतला जातो तो उघड्या लेन्समधूनच. (काही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांचं तसं नसतं.) २०० एमएमला एफ ५.६ म्हणजे साधारण ३६ मिमी रुंद झरोका, एफ २.८ ला तोच ७१ मिमी. उजेड चौपट. शिवाय फेज डिटेक्शन या डीएसएलआरच्या ऑटोफोकसच्या पद्धतीत कॅमेरा लेन्सच्या दोन बाजूंनी आलेले किरण ताडून बघतो. त्या बाजू एकमेकींपासून जितक्या लांब, तितकी फोकसची चूक ठळक दिसते. काही कॅमेऱ्यांत तर मधला फोकस पॉइंट एफ २.८ किंवा त्याहून उजळ लेन्सवरच पूर्ण अचूकतेनं चालतो. तुमच्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडून बघाच.

मैदानावर हे लगेच जाणवतं. खांबावरच्या दिव्यांचा उजेड मधोमध बरा, कोपऱ्यात अंधार. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो, आणि नेमका तेव्हाच माझ्या जुन्या झूमचा फोकस पुढं जाऊन मागं यायचा. फोकस लागेपर्यंत पकड होऊन गेलेली असायची. एफ २.८ वर हे चाचपडणं बरंच थांबलं.

उलट, गोल्फ क्लबच्या अनंत कान्हेरे मैदानावर दुपारच्या क्रिकेटला मला दोन्ही लेन्सच्या फोकसमध्ये फरक जवळजवळ दिसला नाही. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पाणवेलींवरून उडणाऱ्या भोवत्याचा (हा शिकारी पक्षी) फोटो घेतानाही उजळ लेन्सपेक्षा फोकस लिमिटरचं (फोकसची हालचाल ठरावीक अंतरापुरती ठेवणारं) बटणच जास्त कामी आलं, कारण काचेला जवळच्या अंतरापर्यंत उगाच फेरी मारावी लागत नाही. आणि तुमच्या झूमला पल्ला दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं जादा भिंग) लावू नका. लांबच्या टोकाला एफ ११ होतं आणि बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथं हात टेकतो.

एका गोष्टीची तयारी ठेवा. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २०० एमएम, एफ २.८, दहा मीटरवर खेळाडू असेल तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम ४० सेंमी. पुढं आलेला हात स्वच्छ आणि चेहरा धूसर, असं होणारच. मी एफ ३.५-४ वर टिपतो, फोकस सतत चालू ठेवतो आणि मधला पॉइंट छातीवर धरतो.

पैसे घालण्याआधी एका सामन्यापुरती लेन्स भाड्यानं आणा, नाहीतर मित्राची मागा. आणि जुनी घेणार असाल तर दुकानातच दिवे मंद करायला सांगून, जवळून लांब आणि लांबून जवळ, फोकस स्वतः मारून बघा.