हॉटेल नंतर, आधी ओहोटीची वेळ बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. लहानसं, शांत, समुद्रकाठचं गाव, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे वडील, आणि ओहोटीला ज्या दगडी वाटेनं चालत जाता येतं त्या बेटावरचं दीपगृह. आमचा बेत अगदी हाच होता, माणसंसुद्धा हीच. तुम्ही विचारलंय हॉटेल कुठलं घेऊ. माझं उत्तर असं, की तारखा पक्क्या करायच्या आधी त्या गावाचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. हॉटेल काय, मिळतंच.

तिकिटं, विमा, औषधं वगैरे तुम्ही बघालच, त्यात मी पडत नाही.

शांत गावात करण्यासारखं मुळात असतं काय? किनारा, बंदराचा धक्का आणि फिरणं. यातलं सगळं पाण्याच्या वेळापत्रकावर चालतं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे एका आठवड्यात ओहोटी ऐन दुपारी असेल, तर पुढच्या आठवड्यात ती पहाटे आणि संध्याकाळी. मधल्या वेळात किनारा पाण्याखाली. लोक फोटोत रुंद वाळू बघून बुकिंग करतात आणि तिथे गेल्यावर दिवसभर भिंतीवर बसून राहतात.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनी उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, येतं, आणि एका ठिकाणी उधाणाची भरती दर वेळी जवळपास त्याच सुमारास येते. त्यामुळे एका पौर्णिमेची वेळ कळली की पुढच्या उधाणांचा अंदाज बसतो. बेटावर चालत जायचं तर उधाणाचे दिवस हवेत, कारण तेव्हाच पाणी खूप खाली जातं. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत अशी वाट कधीकधी उघडी पडतच नाही. पण उधाणात पाणी जितकं खाली जातं तितकंच वेगानं परत येतं. आमच्या घोड्यानं इथेच पेंड खाल्ली.

मी घरून अभ्यास करून गेलो होतो, आणि तोच नडला. ज्या देशात गेलो होतो तिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. भरतीचे काही तक्ते मात्र मूळ प्रमाणवेळेतच छापलेले असतात, त्यांत आपण एक तास मिळवायचा असतो. एवढं मला माहीत होतं. गावातल्या पर्यटक माहिती केंद्रातून त्या आठवड्याचं पत्रक घेतलं आणि खिडकीतल्या माणसाला विचारलं, "यात एक तास मिळवायचा ना?" तो फोनवर बोलत होता. पत्रकाकडे न बघता म्हणाला, "हो हो, मिळवा." झालं. पत्रकात तो तास आधीच मिळवलेला होता. मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत तसं छापलंही होतं. ते मी वाचलं रात्री, बेटावर बसून.

पत्रकात ओहोटी 1:30 ची, मी धरली 2:30. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास वाट सुरक्षित, असं फलकावर लिहिलेलं. म्हणजे माझ्या हिशेबानं 4:30 पर्यंत वेळ, प्रत्यक्षात 3:30 पर्यंतच. आम्ही 4 वाजता निवांत परत निघालो.

पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं ना? तसं ते आलंच नाही. वाट मध्यावर जरा खोलगट होती, तिथे दोन्ही बाजूंनी, आवाज न करता, दोन जिभा एकमेकींकडे सरकत होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, रस्ता बारीक झाला." दगडांवरचं शेवाळ, जे जाताना वाळून काळं पडलं होतं, ते आता हिरवं होऊन हलत होतं. मी म्हटलं, घोट्याएवढंच आहे, पटकन जाऊ. वडील जागचे हलले नाहीत. त्यांनी काठी पाण्यात टेकवली, ती ओढीनं तिरकी झाली. म्हणाले, "मागे फिर." त्या एका वाक्याचे उपकार मी जन्मभर मानीन.

हिशेब नंतर कळला. भरतीचे सहा तास धरले तर पाणी सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चढ 6 मीटरचा असेल तर पहिल्या दोन तासांत दीड मीटर आणि नुसत्या तिसऱ्या तासात आणखी दीड मीटर. आम्ही नेमके त्या तिसऱ्या तासात वाटेवर होतो. (हा ढोबळ नियम आहे, सगळ्या किनाऱ्यांना लागू नाही.)

रात्री बारापर्यंत दीपगृहाच्या भिंतीच्या आडोशाला बसलो. चांदणं सुरेख होतं, ते बघायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. शेवटची बस गेली, पुढच्या गावातल्या खोलीचे पैसे बुडाले. नंतर त्या केंद्राला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं: पत्रकावर सूचना छापलेली आहे, ती वाचणं ही पर्यटकाची जबाबदारी. चूक माझीही होती, मान्य. पण ज्या गावात लोक चालत बेटावर जातात तिथे ही ओळ मागच्या बाजूला आणि मुंगीच्या अक्षरांत? आणि खिडकीत माणूस मग बसवलाय कशाला?

असो. म्हणून तक्ता हातात आला की दोनच गोष्टी तपासा: वेळ कुठल्या घड्याळाची आहे आणि तक्ता कुठल्या बंदराचा आहे. मोठ्या बंदराचा असेल तर तुमच्या खाडीत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडू शकतो. वाऱ्याचा जोर किनाऱ्याकडे असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी तक्त्यापेक्षा वर चढतं. परतीला सुरक्षित वेळ संपायच्या तासभर आधी निघा. मी तर आता ओहोटीच्या आधी जातो आणि पाणी वळायच्या आत परत येतो, मग मंडळी कितीही कुरकुर करोत.

गाव भूमध्य समुद्राकाठी असेल तर यातलं बरंचसं विसरा, तिथे बहुतेक ठिकाणी चढ-उतार जेमतेम असतो. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो 16 मीटरपर्यंत जातो. गाव कुठलं यावर सगळं आहे, आणि मी काही तज्ज्ञ नाही, पोळलेला माणूस आहे.

महिन्याबद्दल माझं मत विचाराल तर, उत्तर गोलार्धात असाल तर जूनपेक्षा सप्टेंबर. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्यामुळे तेव्हा पाणी जूनपेक्षा उबदार असतं आणि गर्दी ओसरलेली. फक्त मार्च आणि सप्टेंबर या दोन महिन्यांतली उधाणं वर्षातली सगळ्यात मोठी असतात, हे ध्यानात ठेवा.

मुलगी पाण्यात खेळणार असेल तर लाटा जिथे फुटत नाहीत, तो शांत, गडद दिसणारा पट्टा टाळा. तिथूनच पाणी आत ओढतं. त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावं.

गावाचं नाव आणि तारखा लिहा, तक्ता बघून सांगतो. हॉटेलचं मात्र मला विचारू नका. ज्या खोलीचे पैसे भरले होते ती आम्ही अजून पाहिलेली नाही.