ओपॅम्प गेन १० ला शांत, मग बफर केला की का पिसाळतो?

प्रश्न: माझ्याकडे १० मेगाहर्ट्झचा ओपॅम्प आहे, डेटाशीटमध्ये युनिटी गेन स्टेबल (म्हणजे गेन १ लाही ऑसिलेट होत नाही) असं स्पष्ट लिहिलंय. गेन १० ठेवून १० मीटर कोॲक्स केबल लावली तर काही त्रास नाही, पण तोच बफर म्हणून (गेन १, आउटपुट सरळ मायनस इनपुटला) जोडला की स्क्वेअर वेव्हच्या प्रत्येक कडेला जोरदार रिंगिंग, म्हणजे थरथर, येतं आणि कधी कधी इनपुट नसतानाही ऑसिलेट होतो. गेन कमी केल्यावर उलट शांत व्हायला हवा ना? फीडबॅकमध्ये २२ पिकोफॅरड लावून बघितला, काडीचा फरक नाही.

उत्तर: फार चांगला प्रश्न विचारलात, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. गेन कमी म्हणजे फीडबॅक जास्त, आणि बफरमध्ये तर आख्खा आउटपुट परत आत येतो, त्यामुळे स्टेबिलिटीच्या दृष्टीने बफर हीच सगळ्यात कठीण परीक्षा.

आता केबल बघा. कोॲक्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे तुमच्या आउटपुटवर १००० पिकोफॅरड लटकलेत. ओपॅम्पचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स १०० ओहम धरला तर या दोघांचा मिळून १.६ मेगाहर्ट्झला एक पोल (जिथून पुढे सिग्नल घटत जातो आणि फेजमध्ये मागे पडतो अशी फ्रीक्वेन्सी) तयार होतो, आणि तो लूपच्या, म्हणजे आउटपुट ते इनपुट या फीडबॅकच्या फेरीच्या, आत बसतो. बफरमध्ये लूप गेन (एका फेरीत सिग्नल किती पट होतो ते) १ वर येतो ३.९ मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथे हा पोल एकटाच ६७ डिग्री फेज खातो, ओपॅम्पने आधीच ९० खाल्लेत, १८० झाले की ऑसिलेशन, म्हणजे मार्जिन (तिथपर्यंतचं अंतर) उरलं जेमतेम २२, त्यातून ओपॅम्पचे आतले बाकीचे पोल अजून थोडं खातात. गेन १० ला लूप गेन ०.९ मेगाहर्ट्झच्या जवळच संपतो, पोल अजून पुढे असतो, मार्जिन ६० च्या वर राहतं. डेटाशीट खोटं बोलत नाही, फक्त ती हमी एवढ्या कॅपॅसिटिव्ह लोडसाठी नसते.

तुमचा २२ पिकोफॅरड का चालला नाही? बफरमध्ये आउटपुट आणि मायनस इनपुट सरळ वायरने जोडलेत, वायरला पॅरलल कॅपॅसिटर लावून काय होणार, तो शॉर्टच आहे.

सोपा उपाय म्हणजे आउटपुट आणि केबलच्या मध्ये ४७ ओहम टाका, फीडबॅक मात्र ओपॅम्पच्या पिनवरूनच घ्या. वरच्याच आकड्यांनी मार्जिन २२ वरून जवळपास ६५ वर जातं, एका रेझिस्टरमध्ये एवढा फरक पडतो! पण केबलच्या टोकाला १ किलोओहमचा लोड असेल तर साडेचार टक्के व्होल्टेज त्या ४७ मध्येच जाईल. हे चालणार नसेल तर फीडबॅक ४७ च्या पलीकडून, केबलच्या बाजूने, १० किलोओहममधून मायनस इनपुटला आणा आणि ओपॅम्पच्या पिनवरून त्याच मायनस इनपुटला १०० पिकोफॅरड जोडा. डीसीला लोडवरचं व्होल्टेज अचूक राहतं आणि साधारण १६० किलोहर्ट्झच्या वर कॅपॅसिटर सूत्रं हातात घेतो, तिथे फीडबॅक पुन्हा ओपॅम्पच्या पिनवरूनच येतो. मला स्वतःला हीच जोडणी जास्त आवडते, पार्ट दोनच वाढतात. सेटलिंग (आउटपुट स्थिर होणं) थोडं मंदावतं, तेवढं लक्षात ठेवा.

तपासताना १०० मिलिव्होल्टची छोटी स्क्वेअर वेव्ह द्या, मोठी दिलीत तर स्ल्यू रेट (आउटपुट बदलण्याच्या वेगाची मर्यादा) मध्ये येतो आणि काहीच कळत नाही. ओव्हरशूट (कडेला आउटपुट जेवढा वर उडतो तो) १० टक्क्यांच्या आसपास दिसला तर मार्जिन ६० च्या घरात आहे, २५ टक्क्यांच्या आसपास म्हणजे ४५, आणि ५० टक्के दिसला तर तसंच सोडू नका.

प्रश्न: इन्व्हर्टिंग अँप्लिफायर, दोन्ही रेझिस्टर १ मेगाओहम, केबल नाही, तरी रिंगिंग. का?

उत्तर: इनपुटची १० पिकोफॅरड कपॅसिटी आणि ५०० किलोओहम (दोन्ही १ मेगाओहम पॅरलल) मिळून ३२ किलोहर्ट्झलाच पोल येतो, आणि तो लूपमध्ये तसंच मार्जिन खातो. फीडबॅक रेझिस्टरला १० पिकोफॅरड पॅरलल लावा, पोल कॅन्सल होईल, बँडविड्थ मात्र १६ किलोहर्ट्झवर येईल. तेवढी पुरत नसेल आणि सोर्सला झेपत असेल तर दोन्ही रेझिस्टर सरळ १० किलोओहम करा.