लातूरहून जर्मनीला पीएचडीला यायचं म्हणतेस, तर आधी हे कर

मेसेज वाचला तुझा. एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्स लातूरला, टीबीच्या जीनोमवर पीएचडी करायचीय, कोडिंग "थोडंफार" येतं आणि कन्सल्टन्सीवाला दीड लाख मागायलाय. मी परभणीचा, सहा वर्षं झाली इथं जर्मनीत, म्हणून स्पष्टच सांगतो, त्याला एक रुपया देऊ नको. त्यांचा सगळा धंदा मास्टर्सच्या अ‍ॅडमिशनचा, इथं पीएचडी म्हणजे बहुतेक ठिकाणी नोकरीच असते गं. प्रोफेसरकडे जागा निघते, आपण अर्ज करायचा, इंटरव्ह्यू, मग कॉन्ट्रॅक्ट, बऱ्याचदा टीव्ही-एल ई-13 या इथल्या सरकारी पगारश्रेणीचा 65 टक्के पगार. आणि पगार असला की व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो अडकवून ठेवायची भानगड सहसा येत नाही, ती पोटापुरता पगार नसलेल्या स्टुडंट्सना.

आता मेन गोष्ट. सर्टिफिकेट कोर्सेसचा ढीग लावू नको, घरी बसून एक काम पूर्ण कर. टीबीच्या जंतूचा एच37आरव्ही स्ट्रेन, म्हणजे लॅबमध्ये प्रमाण धरलेला वाण, त्याचा जीनोम (सगळा डीएनए) 1998 ला प्रसिद्ध झाला, ब्रिटनच्या सँगर आणि फ्रान्सच्या पाश्चर संस्थेनं मिळून केलेला, सुमारे 44 लाख अक्षरं आणि चारेक हजार जीन्स. हा रेफरन्स एनसीबीआय या अमेरिकन सरकारी साइटवर फुकट आहे, पेशंटच्या सॅम्पलचे सिक्वेन्सही तिथल्याच एसआरए साठ्यात पडलेत. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारे पाच-दहा उतरवून घे, रात्रीच लाव डाउनलोड, लाइट गेली की अर्धी फाइल बोंबलते हे काय तुला सांगायचं. बीडब्ल्यूए या प्रोग्रामने रेफरन्सवर अलाइन कर, म्हणजे तुकडे जागच्या जागी बसव, बीसीएफटूल्सने व्हेरियंट, म्हणजे बदललेली अक्षरं काढ आणि आरपीओबी जीन उघडून बघ, आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमची जीन, त्यालाच हे औषध चिकटतं. 450 व्या कोडॉनला, म्हणजे तीन अक्षरांच्या गटाला, टीसीजीचं टीटीजी झालेलं बऱ्याच सॅम्पलमध्ये दिसेल, प्रोटीनमध्ये सेरीनच्या जागी ल्युसीन. चव्वेचाळीस लाखांतलं एक अक्षर बदललं आणि औषध आरएनए पॉलिमरेजला धड चिकटेना. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आई उठून आली, म्हणे कामून जागायलास.

पण मी जिथं तोंडावर पडलो ते पण ऐक. पहिल्या इंटरव्ह्यूला मी ऐटीत दाखवलं की मला शेकडो नवीन म्युटेशन सापडलेत. प्रोफेसरबाईंनी एकच विचारलं, यातली पीई-पीपीई जीन्समधली किती? निम्म्याहून जास्त निघाली. ही जीन्स एकमेकांसारखी, जीनोमचा जवळपास दहावा हिस्सा, आखूड रीड्स (सिक्वेन्सिंगमधून आलेले डीएनएचे तुकडे) तिथं चुकीच्या जागी बसतात आणि खोटे व्हेरियंट दिसतात, म्हणून लोक तो भाग आधीच गाळून टाकतात. गेली जागा हातची. तू तुझ्या रिपोर्टमध्ये काय गाळलं आणि कामून गाळलं हे दोन ओळीत लिहिलंस तरी समोरच्याला कळतं की पोरीने खरंच डेटा हाताळलाय.

सिस्टिम्स बायॉलॉजी पाहिजे असेल तर कोब्रापाय हे पायथॉनचं पॅकेज शिक. जंतूच्या सगळ्या रिअ‍ॅक्शन्सचं मॉडेल घ्यायचं, खाणं बदलायचं, एकेक जीन बंद करून वाढ थांबते का बघायचं. टीबीला ग्लिसरॉलऐवजी कोलेस्टेरॉल दे, शरीरात तो आपलंच कोलेस्टेरॉल खातो, मग अत्यावश्यक जीन्सची यादीच बदलते. वेट लॅब, म्हणजे हातानं जंतू वाढवायचं काम, नाही आलं तरी चालतं, पण वेट लॅबवाल्यांजवळ बसत जा, हा जंतू दिवसाला जेमतेम एकदा दुप्पट होतो, कॉलनी दिसायला तीन-चार आठवडे, त्यामुळे त्यांच्याकडे फालतू प्रेडिक्शन नेलंस तर शिव्या खाशील.

ब्राउनश्वाइग, वुर्झबर्ग, येना इथं इन्फेक्शनच्या मोठ्या संस्था आहेत, त्यांच्या जागा बघत राहा. अमेरिकेत पाच-सहा वर्षं जातात पण एमएस्सी नसली तरी घेतात, तुझी तर झालीय, मी इकडंच ये म्हणेन.

कागदं मात्र आजपासून. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं, दुरुस्तीला तीन खेपा, प्रत्येक वेळी "साहेब मीटिंगला गेलेत". दहावीची सनद, पासपोर्ट, मार्कमेमो, सगळ्यावरचं स्पेलिंग एकदा जुळवून बघ, स्टुडंट व्हिसाला एपीएस सर्टिफिकेट (आपली डिग्री खरी असल्याचा दाखला) लागतं तिथं पण हीच कागदं.

प्रोफेसरांना मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला टाक. "रिस्पेक्टेड सर" काढ, त्यांचा एखादा पेपर खरंच वाच, आणि आरपीओबीचा प्लॉट जोड. रविवारी दुपारी मी मोकळा असतो, तुमच्याकडं तेव्हा संध्याकाळ.