लाँग कोविडमध्ये भरभर चालल्यावर पत्नीचा त्रास वाढतो. व्यायाम चालू ठेवावा का?

तुमच्या प्रश्नातला कळीचा भाग आधी पुन्हा लिहितो. वहिनींचा कोविड घरच्या घरीच निभावला, ॲडमिट करावं लागलं नाही. आता सहा महिने उलटले तरी थकवा जात नाही. कुणीतरी रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलं. चालतात त्या दिवशी ठीक असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. तुम्ही विचारताय, नेटाने चालू ठेवलं तर अंगाला सवय होईल का?

माझ्या मते नाही. ते अर्ध्या तासाचं चालणं आजच थांबवा.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो. पण आमच्या एकाच घरात दोघांना लाँग कोविड झाला, मला आणि धाकट्या बहिणीला. ज्या व्यायामाने मी उभा राहिलो त्यानेच ती आडवी झाली. आणि तो तिला करायला लावणारा मीच होतो, म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

आधी माझं सांगतो. एप्रिल 2021, पुणे. दुसऱ्या लाटेत मी बारा दिवस ऑक्सिजनवर होतो. घरी आलो तेव्हा मांड्या काडीसारख्या झालेल्या, बाथरूमपर्यंत जाऊन आलो की धाप. दीड महिन्याने फिजिओथेरपीच्या ओपीडीत गेलो. तिथल्या मॅडमनी लांब कॉरिडॉरमध्ये 30 मीटर अंतरावर दोन शंकू ठेवले, माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि म्हणाल्या, सहा मिनिटं जमेल तेवढं चाला, थांबावंसं वाटलं तर थांबा. दोनदा भिंतीला टेकलो. एकूण 285 मीटर झाले.

त्यांनी दिलेला व्यायाम अगदी साधा होता. सपाटीवर दहा मिनिटं चालायचं, दिवसातून दोनदा. दम किती लागला ते शून्य ते दहामध्ये सांगायचं आणि तीन-चारच्या वर जाऊ द्यायचं नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. सोबत खुर्चीतून उठ-बस. आठ आठवड्यांनी त्याच कॉरिडॉरमध्ये 440 मीटर चाललो, भिंत न धरता. डिसेंबरात पर्वतीच्या 103 पायऱ्या चढलो आणि वर जाऊन उगाच चार जणांना फोन केले.

हे जमलं, कारण माझा त्रास मुख्यतः पडून राहिल्याचा होता. बारा दिवस खाटेवर काढले की स्नायू झडतात, छातीचा भाता कमजोर होतो. ते भरून काढायला हळूहळू वाढवत नेलेला एरोबिक व्यायाम हेच औषध. इंग्लंड-वेल्समध्ये 585 जणांवर ‘रीगेन’ नावाची चाचणी झाली. आठ आठवडे ऑनलाइन, देखरेखीखाली व्यायाम आणि मानसिक आधार. त्यात लोकांचं जगणं सुधारलं आणि तो फायदा वर्षभराने मोजला तेव्हाही टिकून होता. फेब्रुवारी 2024 मध्ये ते ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण त्यातले सगळे माझ्यासारखे, कोविडने दवाखान्यात राहून आलेले होते. ‘व्यायामाने लाँग कोविड बरा होतो’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली की हे वाक्य त्यात नसतं.

आता बहीण. तिला त्याच आठवड्यात झाला होता. तीन दिवस ताप, वास गेला, बस्स. माझ्या मानाने तिचं काहीच नव्हतं. पण जुलैपर्यंत ती दुपारी दोनलाच गळून जायची. आई म्हणायची, अगं जरा चाल, अंग मोकळं होईल. मला तर माझ्या 440 मीटरची घमेंड चढलेली. तिला घेऊन सारसबागेभोवती चाळीस मिनिटं झपाझप फिरवून आणलं. ती हसत होती, येताना भेळ खाल्ली. मी म्हटलं, बघ, झालं ना?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला केस विंचरायला हात वर धरवेना. ट्यूबलाइट बंद करा म्हणाली, डोळ्यांना टोचतेय. जेवताना भात वाढायला पातेलं पुढे ओढलं आणि ‘अरे, ते हे दे ना, ते...’ म्हणत भातवाढीकडे बघत राहिली. शब्द आठवत नव्हता. शाळेत मराठी शिकवते ती. खोटं कशाला बोलू, नाटक करतेय असं माझ्या मनात येऊन गेलं. पाच दिवसांनी बरं वाटल्यावर पुन्हा नेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

शेवटी आईनेच पकडलं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ती दुधाच्या हिशेबाशेजारी ‘फिरायला गेली’ म्हणून टिंब देत होती आणि ‘झोपून’ म्हणून फुली मारत होती. महिन्याचं पान बघितलं तर प्रत्येक टिंबानंतर एक घर सोडून फुल्यांची रांग.

याला नाव आहे, पोस्ट-एक्झर्शनल मलेझ, पीईएम. श्रम झेपलेत असं त्या वेळी वाटतं आणि घसरगुंडी होते ती नंतर, बऱ्याचदा चोवीस ते बहात्तर तासांत. बहीण म्हणते, बॅटरी बसली, आणि चार्जरही चालेना. घसरण नुसती चालण्याने होते असंही नाही. पाहुणे, परीक्षेचे पेपर, कडाक्याचं भांडण, यानेही होते.

हे मनाचे खेळ नाहीत. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या 25 रुग्णांना आणि बऱ्या झालेल्या 21 जणांना दहा-पंधरा मिनिटं सायकल मारायला लावली. आठवडाभर आधी आणि सायकलनंतर दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. रुग्णांच्या स्नायूंमध्ये ऊर्जा तयार करणारी यंत्रणा कमी पडत होती आणि श्रमानंतर पेशींचं नुकसान जास्त दिसलं. जानेवारी 2024 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलंय, दवाखान्यात विश्वास बसत नसेल तर खुशाल दाखवा. मिळत्याजुळत्या एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या जुन्या आजारासाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही ऑक्टोबर 2021 च्या मार्गदर्शनात ठरावीक वेगाने वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये असं सांगितलं. तोवर वर्षानुवर्षं तोच दिला जात होता.

मग बहिणीने काय केलं? आधी कमी केलं, वाढवलं नाही. पहिले दोन महिने नुसता शोध घेतला की किती केल्यावर फुली येत नाही. उत्तर लाजिरवाणं निघालं, सलग सहा मिनिटं. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. पोळ्या बसून लाटायच्या, आणि लाटणारी एक, भाजणारा दुसरा (तो मी. पहिले आठ दिवस सगळ्यांनी करपलेल्या खाल्ल्या). थकायच्या आधी थांबायचं, थकल्यावर नव्हे. हे आपल्याकडच्या बायकांना सगळ्यात जड जातं.

मनगटाला साधं घड्याळ बांधलं, नाडी दाखवणारं. 220 वजा वय, त्याचे साठ टक्के, असा एक ढोबळ आडाखा वापरतात. ती तेव्हा 38 ची, म्हणजे 182 चे साठ टक्के, 109. नाडी त्याच्यावर गेली की हातातलं काम ठेवून बसायचं. कपडे वाळत घालताना 120 जायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. वहिनी बीटा-ब्लॉकर (नाडी आणि बीपी कमी करणारी गोळी) घेत असतील तर नाडी मुळातच दबलेली असते, हा हिशेब लावू नका.

घड्याळामुळेच दुसरी गोष्ट कळली. आडवं पडल्यावर तिची नाडी 74 आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहिल्यावर 112. बीपी न पडता नाडी 30 च्या वर चढत असेल तर पॉट्सची, म्हणजे उभं राहिलं की नाडी नको तेवढी वाढण्याच्या विकाराची, शंका घेतात, आणि लाँग कोविडमध्ये हे बरंच आढळतं. हे कळल्यावर फिजिओथेरपिस्टने तिला उभ्याने काहीही करायचं बंद केलं. आडवं पडून पाय उचलणं, मागे टेकून बसून पेडल मारणं, तेही दोन मिनिटं आणि फुली न आल्यासच पुढे. पाणी-मीठ वाढवणं, पायात घट्ट मोजे, हे डॉक्टरांनी तिचं बीपी बघून सांगितलं. बीपीची तक्रार असलेल्याने मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये.

वहिनींच्या बाबतीत, कुठलाही व्यायाम पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ईसीजी आणि गरज वाटल्यास टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. थकव्याला साधंच कारण निघालं तर देव पावला. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना, किंवा ऑक्सिमीटरचा आकडा तीन किंवा जास्तने उतरला तर तिथेच थांबून दाखवून घ्यायचं. आणि कुणी कपालभाती सुचवेलच. सावकाश श्वास घेणं-सोडणं ठीक आहे, पण कपालभातीही जोरकस, ते श्रमातच धरा.

सरसकट ‘लाँग कोविडला विश्रांतीच’ असं मात्र समजू नका. वहिनींची घसरण थांबली, सलग तीन-चार आठवडे फुली आली नाही, की पाच मिनिटं चालून बघायला हरकत नाही. त्यानंतर तीन दिवस थांबून मगच ठरवायचं. बहीण आज सपाटीवर पंचवीस मिनिटं चालते. पर्वतीचं नाव अजून आम्ही दोघंही काढत नाही.

एक राहिलं. उभं राहून नाडी मोजायची असेल तर वहिनींना एकट्याने करू देऊ नका. भोवळ येऊ शकते, भिंतीशी उभं करा आणि तुम्ही शेजारी थांबा.