नव्या गुरुजींनो, समितीची बैठक अंगावर घ्या

जिल्हा परिषद शाळेत रुजू झाला असाल तर बढतीची वाट पाहू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं काम मागून घ्या. सचिव मुख्याध्यापकच असतात, पण अजेंडा नि इतिवृत्त लिहायला त्यांना हात हवाच असतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत किमान 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला हव्यात. मजुरीला जाणाऱ्या आया सकाळी अकराला येणार कशा? त्यांचा रोज बुडतो. बैठक संध्याकाळी ठेवा, निरोप घरी जाऊन द्या. प्रत्येक ठरावाखाली सूचक, अनुमोदक, रक्कम लिहा आणि सह्या तिथेच घ्या. मागाहून घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्यांवरच पुढे वाद होतात. विषय मोजके ठेवा, पण मुलांच्या वाचनाचा विषय दरवेळी घ्याच. कोणाचं मूल मागे आहे, हे मात्र बैठकीत नाही, आईला बाजूला घेऊन सांगा.